सेव्ह केलं की दिसलं पाहिजे: एडिटरमधलं वेब पान ब्राउझरमध्ये कसं बघायचं

सोलापुरात पूर्व भागात अशोक चौकाजवळ एका अण्णांचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. त्यांचं भावपत्रक मी वेब पानावर करून देत होतो तेव्हा पहिले दोन दिवस त्यांच्याच ऑफिसात लॅपटॉप उघडून बसलो होतो. पलीकडे माग चालू. अण्णा बोलता बोलता उठायचे, मागावर उतरत असलेल्या कापडावरून हात फिरवायचे आणि परत येऊन बसायचे. धागा तुटला तर चार बोटांत कळायला हवा, गजभर विणून झाल्यावर कळून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

माझं काम वेगळ्याच चालीनं चाललं होतं. एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, ओळ लिहायची, सेव्ह करायची, फोल्डर शोधायचा, फाइलवर डबल क्लिक करायचं, नवा टॅब उघडायचा, बघायचं, बंद करायचं. अण्णांनी शेवटी विचारलंच, "बघायसाठी दर खेपेला एवढं हिंडावं लागतं का?"

लागत नाही. एडिटरमधून वेब पान ब्राउझरमध्ये बघण्याच्या तीन-चार पद्धती आहेत आणि प्रत्येकीची जागा वेगळी आहे. माझ्याकडे शनिवार-रविवारी शिकायला येणारी मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मेनूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आकडेही पत्त्यात टाइप करताना इंग्रजीच टाकायचे.

आधी फोल्डर नीट लावा

एका पानासाठी एक फोल्डर करा. त्याचं आणि आतल्या प्रत्येक फाइलचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत ठेवा, मध्ये जागा नको, शब्द जोडायला आडवी रेघ वापरा. मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल. फोटोंसाठी आत वेगळा फोल्डर.

विंडोजमध्ये फाइलच्या नावाची शेपटी मुळात लपवलेली असते. साध्या नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल दिसायला इंडेक्स डॉट एचटीएमएल दिसते, खरं नाव मात्र त्यापुढे डॉट टीएक्सटी लागलेलं असतं. मग ब्राउझर पान दाखवण्याऐवजी तुमचा कोडच जसाच्या तसा दाखवतो. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा. हे एकदाच करायचं आहे आणि आत्ताच करा.

साधी पद्धत: फाइल थेट उघडा

फाइल माउसनं पकडून ब्राउझरच्या खिडकीत सोडा. पान उघडेल आणि पत्त्याच्या पट्टीवर क्लिक केलं की सुरुवातीला 'फाइल' शब्द, कोलन आणि तीन तिरप्या रेघा दिसतील. आता हा टॅब बंद करायचा नाही. विंडोजची कळ दाबून धरून डावा बाण दाबला की एडिटर अर्ध्या स्क्रीनवर बसतो, ब्राउझरवर जाऊन तीच कळ आणि उजवा बाण दाबला की तो दुसऱ्या अर्ध्यात. लिहिलं, कंट्रोल-एस, ब्राउझरवर क्लिक, एफ५. एवढ्यानं निम्मं हिंडणं संपतं.

बहुतेक एडिटरांत फाइल ब्राउझरमध्ये टाकायची स्वतःची सोयही असते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू मेनूत 'व्ह्यू करंट फाइल इन' आहे, तिथे क्रोम, फायरफॉक्स, एज निवडता येतात. सबलाइम टेक्स्टमध्ये एचटीएमएल फाइलवर उजवं क्लिक करून 'ओपन इन ब्राउझर'. विम वापरणाऱ्यांनी कोलन, उद्गारचिन्ह, फायरफॉक्स, एक जागा आणि टक्क्याचं चिन्ह टाइप करून एंटर दाबायचं. टक्क्याचं चिन्ह म्हणजे सध्या उघडी असलेली फाइल. ईमॅक्समध्ये एचटीएमएल मोडात कंट्रोल-सी आणि लगेच कंट्रोल-व्ही.

जुन्या नोट्समध्ये ब्रॅकेट्स नावाच्या एडिटरची शिफारस अजून सापडते. लिहिता लिहिता पान बदलताना दाखवणारा तो सुंदर एडिटर होता, पण अडोबीनं १ सप्टेंबर २०२१ पासून त्याचा आधार काढून घेतला. नव्यानं शिकायला त्याच्यामागे जाऊ नका.

थेट उघडणं कुठे अपुरं पडतं

एकाच पानाचं काम असेल, साधी अक्षरं, रंग, फोटो असतील, तर वरची पद्धत पुरते. पण तीन ठिकाणी ती हमखास दगा देते.

पहिलं, तिरप्या रेघेनं सुरू होणारे पत्ते. स्टाइलच्या फाइलचा पत्ता तुम्ही 'तिरपी रेघ, सीएसएस, तिरपी रेघ, स्टाइल डॉट सीएसएस' असा दिला असेल, तर सर्व्हरवर त्याचा अर्थ 'साइटच्या मुळापासून' असा होतो. थेट उघडलेल्या फाइलला मूळ म्हणजे तुमची अख्खी डिस्क वाटते. तिथे स्टाइल सापडत नाही आणि पान उघडंबोडकं दिसतं.

दुसरं, जावास्क्रिप्टनं वेगळ्या फाइलमधून माहिती वाचणं. अण्णांचे भाव मी एका जेसन फाइलमध्ये (नुसती माहिती ठेवायची साधी मजकूर फाइल) ठेवले होते, म्हणजे भाव बदलला की तेवढीच फाइल बदलायची. पान थेट उघडलं तर भावाचा तक्ता रिकामा. कोडमध्ये चूक नव्हती. थेट उघडलेल्या फाइलला शेजारची फाइल अशी वाचायची परवानगी क्रोम सुरक्षेसाठी देत नाही. एफ१२ दाबून कन्सोल उघडला की सीओआरएस असा उल्लेख असलेली लाल ओळ दिसते. तिसरं ठिकाण याच कारणाचं: जावास्क्रिप्टचे मॉड्यूल, म्हणजे वेगळ्या फाइलींत ठेवलेले कोडचे तुकडे, थेट उघडलेल्या पानात चालत नाहीत.

या तिन्हींवर उपाय एकच. आपल्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर चालवायचा आणि पान त्याच्याकडून मागवायचं. सर्व्हर म्हटलं की मुलं बिचकतात, पण हा फक्त तुमच्या फोल्डरमधल्या फाइली ब्राउझरला वाढणारा छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला इंटरनेट लागत नाही. लाइट गेली, वायफाय बंद पडलं, तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम चालतं.

लाइव्ह सर्व्हर: रोजच्या कामाची पद्धत

मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतो. त्यात लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला वरून जोडायची सोय, घालायचं.

१. व्हीएस कोडमध्ये फाइल मेनूतून 'ओपन फोल्डर' करा आणि तुमचा फोल्डर उघडा. एकटी फाइल उघडू नका. लाइव्ह सर्व्हरला फोल्डर लागतो, आणि नव्या मुलांचा गोंधळ निम्म्या वेळा याच पायरीवर झालेला असतो.

२. कंट्रोल-शिफ्ट-एक्स दाबा. डावीकडे एक्स्टेन्शनची यादी येईल. शोधात लाइव्ह सर्व्हर टाका. त्या नावाची बरीच दिसतील, रित्विक डे यांचं निवडा आणि इन्स्टॉल करा.

३. इंडेक्स फाइलवर उजवं क्लिक करून 'ओपन विथ लाइव्ह सर्व्हर', किंवा खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात 'गो लाइव्ह'.

४. ब्राउझर आपोआप उघडेल. पत्ता १२७.०.०.१ आणि पुढे कोलन ५५०० असा असेल. पहिला भाग म्हणजे 'हाच संगणक', ५५०० हा पोर्ट, म्हणजे त्या संगणकातली खिडकी क्रमांक ५५००.

५. आता एडिटरमध्ये काहीही बदला आणि कंट्रोल-एस दाबा. ब्राउझरला हातही लावायचा नाही. पान आपणहून ताजं होतं.

फक्त स्टाइलची फाइल बदलली असेल तर लाइव्ह सर्व्हर पूर्ण पान पुन्हा लोड करत नाही, रंग-मापं तेवढी बदलतो. त्यामुळे तुम्ही पानाच्या तळाशी सरकलेले असाल तर तिथेच राहता आणि अर्धा भरलेला फॉर्मही तसाच राहतो. चादरीच्या फोटोखालची पट्टी दोन पिक्सेलनं वर-खाली करताना याचं मोल कळतं.

काम संपल्यावर खालच्या पट्टीत पोर्टचा आकडा दिसतो, त्यावर क्लिक केलं की सर्व्हर बंद.

सेव्ह करूनही पान ताजं होत नसेल तर आधी बघा, टॅबवर फाइलच्या नावाशेजारी भरीव ठिपका आहे का. ठिपका म्हणजे सेव्ह झालेलं नाही. तो नसेल तर पानात बॉडी किंवा हेडचा टॅग आहे का ते बघा. लाइव्ह सर्व्हर ब्राउझरकडे पान पाठवताना त्यात स्वतःची छोटी स्क्रिप्ट घालतो आणि तीच 'ताजं हो' हा निरोप ऐकत बसते. टॅगच नसतील तर ती घालायला जागा नाही. मुलं सरावासाठी नुसत्या दोन ओळी लिहितात आणि 'सर, होईना' म्हणतात, तेव्हा नव्वद टक्के हेच असतं.

ऑटो सेव्ह चालू करावं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत नको. तुम्ही टॅग अर्धा लिहून थांबता, एका सेकंदात तो अर्धाच सेव्ह होतो आणि ब्राउझरमध्ये पान विस्कटलेलं दिसतं. चूक झाली की नुसतं लिहिणं अपुरं आहे, हे नव्या माणसाला कळत नाही. कंट्रोल-एस म्हणजे 'माझं एक वाक्य पूर्ण झालं' असं समजा आणि हातानंच दाबा.

ज्यांचा स्क्रीन मोठा आहे त्यांनी मायक्रोसॉफ्टचंच लाइव्ह प्रीव्ह्यू एक्स्टेन्शन बघावं. ते पान एडिटरच्या आतच शेजारी दाखवतं आणि सेव्ह न करताही बदल दिसतात. रंग जुळवायला छान. पण गिऱ्हाईक पान ब्राउझरमध्ये बघणार आहे, त्यामुळे शेवटची पारख तिथेच करा.

जुना संगणक असेल तर

लॅबमधल्या संगणकावर व्हीएस कोड घालायची परवानगी नसते किंवा तो इतका जुना असतो की दम लागतो. त्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घातलेली असेल तर तेवढ्यावरही भागतं. फोल्डरमध्ये असताना एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी लिहून एंटर दाबा, त्याच फोल्डरमध्ये काळी खिडकी उघडेल. तिथे सगळं छोट्या अक्षरांत लिहायचं: पायथन, एक जागा, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून एम, पुन्हा जागा, एचटीटीपी टिंब सर्व्हर हे सलग, जागा, ८०००. एंटर. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८०००.

हा सर्व्हर पान आपोआप ताजं करत नाही, एफ५ तुम्हालाच दाबायचं. पण काळ्या खिडकीत ब्राउझरनं मागितलेल्या प्रत्येक फाइलची एक ओळ उमटते. शेवटी २०० असेल तर फाइल मिळाली, ४०४ असेल तर सापडली नाही. फोटो दिसत नसेल तर ती ओळ वाचा, तुम्ही कोणतं नाव मागितलंत ते अक्षर न् अक्षर तिथे असतं. फेव्हआयकॉनचा ४०४ दिसला तर सोडून द्या, ते टॅबवरचं छोटं चित्र असतं. थांबवायला कंट्रोल-सी.

पीएचपी शिकणाऱ्यांनी मात्र लाइव्ह सर्व्हरच्या नादी लागू नये, तो पीएचपी चालवत नाही. पीएचपीचा स्वतःचा छोटा सर्व्हर ५.४ आवृत्तीपासून सोबतच येतो: पीएचपी, जागा, वजा आणि मोठं एस, जागा, लोकलहोस्ट कोलन ८०००.

मराठी अक्षरांची गडबड

इंग्रजी पानाला हा त्रास फारसा नसतो, म्हणून बाहेरच्या मार्गदर्शनात तो फारसा सापडत नाही. आपल्याला मात्र पहिल्याच दिवशी भेटतो. तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी.

एक. 'चादर' लिहिलं आणि ब्राउझरमध्ये टोपीवाली युरोपीय अक्षरं, चलनाची चिन्हं अशी बारा अक्षरांची रांग दिसली. यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. च, काना, द आणि र मिळून चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. ब्राउझरला कोणी सांगितलंच नाही की हे यूटीएफ-८ आहे, म्हणून त्यानं प्रत्येक बाइटला एक अक्षर समजून बारा दाखवली. फाइल शाबूत आहे. हेडच्या अगदी सुरुवातीला मेटा टॅगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. नियमानं तो टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवा. काही ब्राउझर अंदाजानं बरोबर ओळखतात, त्यामुळे तुमच्याकडे चाललं म्हणून टॅग गाळू नका.

दोन. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. हे गंभीर आहे. फाइल सेव्ह करतानाच एडिटरनं ती एएनएसआय या जुन्या पद्धतीत टाकली, तिथे मराठीला जागाच नव्हती आणि मजकूर गेला. फाइल बंद केली असेल तर परत मिळत नाही. विंडोजचा नोटपॅड २०१९ मधल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आपणहून यूटीएफ-८ वापरतो. त्याआधीच्या संगणकावर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये एन्कोडिंग स्वतः निवडा. व्हीएस कोडमध्ये ते खालच्या पट्टीत लिहिलेलं असतं.

तीन. छापखान्यातून आलेला मजकूर. नव्या पेठेतल्या डीटीपीवाल्यानं केलेलं भावपत्रक अण्णांनी मला पेन ड्राइव्हवर दिलं. कॉपी करून चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांचा काला. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षरं आतून इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. कॅरसेट कितीही बदला, फरक पडणार नाही. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांनी तपासावे लागतात.

शिवाय एचटीएमएलच्या मुख्य टॅगमध्ये भाषा म्हणून एमआर लिहा. ज्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी वळणं दोन्ही असतात, ते त्यावरून आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात. आणि प्रीव्ह्यूमध्ये बटणांकडे मुद्दाम बघा. 'खरेदी करा'ची वेलांटी आणि 'पुढे'चा उकार कापला तर जात नाही ना? ओळीची उंची दीडपट किंवा थोडी जास्त ठेवली की मराठी मोकळा श्वास घेते.

प्रीव्ह्यू जिथे फसवतो

बदल केला, सेव्ह झाला, तरी जुनंच दिसतंय, तर ब्राउझरनं जुनी प्रत साठवून ठेवलेली आहे. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. रोजचाच त्रास असेल तर एफ१२, नेटवर्क टॅब, 'डिसेबल कॅश'वर खूण. ती खूण एफ१२ ची खिडकी उघडी असेपर्यंतच लागू असते.

दुसरी फसगत मी स्वतः भोगली आहे. गड्डा यात्रेच्या आदल्या आठवड्यात अण्णांचं पान सर्व्हरवर चढवलं. माझ्याकडे सगळं लख्ख दिसत होतं, तिकडे नऊच्या नऊ फोटो गायब. फोनमधून आलेल्या फोटोंच्या नावाची शेपटी मोठ्या अक्षरांत जेपीजी होती, मी कोडमध्ये छोटी लिहिली होती. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून माझ्या प्रीव्ह्यूला काही खटकलं नाही. बाहेरचे सर्व्हर बहुतेक लिनक्सचे, तिथे ती दोन वेगळी नावं. रात्री बसून सगळी नावं छोटी केली. तेव्हापासून फोटो फोल्डरमध्ये टाकण्याआधीच नाव बदलतो.

तिसरी, वेगाची. तुमच्याच संगणकावरचा सर्व्हर पाच एमबीचा फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत देतो. अक्कलकोटकडे जाणाऱ्या एसटीत बसलेल्या माणसाला तो तसा मिळत नाही. नेटवर्क टॅबमध्ये तळाशी पानाचं एकूण वजन दिसतं, आणि वरच्या यादीतून वेग मुद्दाम कमी करून बघता येतो. एकदा तसं बघा, फोटो लहान करायला कोणी सांगावं लागणार नाही.

गिऱ्हाइकाच्या फोनवर बघा

आधी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम. पान फोनच्या आकारात दिसेल. व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पानाची रुंदी सांगणारा, मेटा टॅग नसेल तर फोन पान ९८० पिक्सेल रुंद समजतो आणि सगळं मुंगीएवढं करतो. तो टॅग घाला. पण हे खऱ्या फोनचं सोंग आहे. उन्हात फिकट राखाडी अक्षरं वाचता येतात का, अंगठा बटणावर पडतो का, हे फोन हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर घ्या. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहा. वायफायच्या खाली आयपीव्ही४ पत्ता दिसेल, घरात बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा. लाइव्ह सर्व्हर चालू ठेवून फोनच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, तो पत्ता, कोलन आणि ५५०० टाका. सुरुवातीचं एचटीटीपी गाळू नका, नाहीतर फोन कधी कधी ते शोधायला पाठवतो.

उघडलं नाही तर बहुधा विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारा, आड आलेला असतो. वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा, आणि परवानगी विचारली तर फक्त प्रायव्हेटसाठी द्या. कॉलेजच्या वायफायवर तरीही जमलं नाही तर तिथे बऱ्याचदा एक यंत्र दुसऱ्याशी बोलू देत नाहीत. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा आणि पत्ता नव्यानं बघा, कारण तो बदललेला असतो.

अण्णांच्या ऑफिसात शेवटी हेच केलं. त्यांचा फोन हॉटस्पॉटवर, माझा लॅपटॉप त्याला जोडलेला, पान त्यांच्या हातात. चष्मा कपाळावर सारून त्यांनी यादी खालपर्यंत बघितली आणि डबल चादरीवर बोट ठेवलं. "हा भाव जुना आहे." मी जेसन फाइलमधला आकडा बदलला, कंट्रोल-एस दाबलं. फोनला त्यांनी काहीच केलं नव्हतं आणि त्यांच्या बोटाखाली आकडा बदलला. ते क्षणभर तसेच बघत राहिले. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "थांब, टॉवेलचेपण सांगतो. एकेक करून घे."